‘नष्टनीड’ वाच, मग कथा पुन्हा लिही

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझी कथा वाचली. नायिका तिसऱ्याच पानावर ‘मला तिचा हेवा वाटतो’ असं सांगून मोकळी होते. मग पुढे तिला काही कामच उरत नाही. शेरे मारत बसण्यापेक्षा तुला रवींद्रनाथांची १९०१ सालची ‘नष्टनीड’ वाचायला सांगतो. तिच्यावरचा सत्यजित राय यांचा चित्रपट ‘चारुलता’ पाहिला असशील, तर तो तूर्त बाजूला ठेव. कथेचा शेवट वेगळा आहे.

भूपती पैसेवाला, स्वतःच्या इंग्रजी वर्तमानपत्रात गुरफटलेला. बालवधू चारू केव्हा मोठी झाली हेही त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणजे तिला पहिल्यांदा टाकलं ते नवऱ्याने, घरातल्या घरात, आणि तेही मनात काही वाईट नसताना. भूपतीचा आतेभाऊ अमल तिला सोडून विलायतेला जातो तो फार पुढे. तुझ्या कथेत मात्र सगळं सोडून जाणं एकदम विमानतळावर उरकतं.

आता मत्सर. अमल कॉलेजात शिकणारा. तो लिहितो, चारूला वाचून दाखवतो. ते लेखन दोघांपुरतंच राहावं, असं तिला वाटतं. अमल ते मासिकात छापून आणतो, वाहवा होते आणि चारू जळू लागते. कुणावर? वाचकांवर! पुढे तिची भावजय मंदा अमलचं लेखन ऐकू लागते, तेव्हा चारू नवऱ्याचे कान भरते आणि तिला घरातून घालवायला बघते. खरं कारण ती सांगत नाही; बहुधा तिचं तिलाही ते कळलेलं नसतं. आणि चारूही लिहू लागल्यावर टीकाकार तिच्या लेखाची स्तुती करून अमलला झोडपतो, तेव्हा जिंकूनही तिला सुख लागत नाही. मला विचारशील तर कथेतली सगळ्यात धारदार जागा हीच.

भूपतीला जाग येते ती सर्वांत शेवटी. मेहुण्याने फसवल्यावर वर्तमानपत्र बुडतं, आणि तो चारूच्या जवळ जाण्यासाठी बंगालीत लिहू लागतो. पुढे एक तार त्याच्या हाती पडते. चारूने अमलला उत्तराचे पैसे भरून चोरून तार केलेली असते, त्या तारेचं हे उत्तर. भूपती आपलेच लेख चुलीत घालतो. नंतर म्हैसूरला संपादकाची नोकरी धरून निघतो, तेव्हा चारू म्हणते, मलाही न्या. तो थबकतो. मग ‘चल’ म्हणतो, पण आता ती ‘नको, राहू दे’ म्हणते.

या कथेत रवींद्रनाथांच्या वहिनी कादंबरीदेवींना शोधणारे लेख तुला ढिगाने सापडतील. त्यांच्या नादी आत्ताच लागू नकोस, लेखकाच्या घरात डोकावून कथा लिहायला येत नाही.

ते हेव्याचं वाक्य काढून टाक आणि तिला काहीतरी करायला लाव, अगदी क्षुल्लक चहाडी का असेना. नवा खर्डा आला की विमानतळाचं काय करायचं ते बोलू.