डेबियन लिनक्सच्या दोन डेब पॅकेजेसमध्ये एकच फाइल असेल तर ‘कॉन्फ्लिक्ट्स’ लिहून भागतं का?

तुम्ही एका पॅकेजची दोन केलीत, मॅन्युअल पानं ‘साधन’मधून नव्या ‘साधन-कॉमन’मध्ये हलवलीत, आणि अपग्रेड करताना डीपीकेजी (पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम) “ही फाइल साधन पॅकेजातही आहे” म्हणत अडून बसलं. पॅकेजची माहिती असलेल्या कंट्रोल फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट्स टाकून काम होईल, पण टाकू नका. मी सुरुवातीला तेच करायचो.

कॉन्फ्लिक्ट्सचा अर्थ फार कडक आहे: ही दोन पॅकेजेस एकाच वेळी डिस्कवर उलगडलेलीसुद्धा चालणार नाहीत. त्यामुळे नवं यायच्या आधी जुनं काढावं लागतं. त्या जुन्यावर आणखी चार पॅकेजेस अवलंबून असतील, तर ॲप्टला (कोणतं पॅकेज कधी बसवायचं ते ठरवणारा प्रोग्राम) क्रम लावताना घाम फुटतो आणि नको ते काढायची यादी समोर येते. कंट्रोल फाइलमधलीच ब्रेक्स ही नोंद मवाळ आहे. जुनं पॅकेज तात्पुरतं ‘कॉन्फिगर न झालेलं’ ठरतं, पण जागेवर राहतं आणि यथावकाश अपग्रेड होतं.

म्हणून साधन-कॉमनमध्ये हे लिहा:

ब्रेक्स: साधन (<< २.०-१~)
रिप्लेसेस: साधन (<< २.०-१~)

दोन्ही ओळी हव्यात. फाइल ताब्यात घ्यायची परवानगी रिप्लेसेस देतं, ब्रेक्स नाही. कंसातली खूण म्हणजे ‘याहून जुनी आवृत्ती’, आणि २.०-१ म्हणजे ज्या आवृत्तीत फाइल हलवली ती. शेवटची ती ‘~’ खूप जण विसरतात. बॅकपोर्टचा (जुन्या डेबियनसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजचा) क्रमांक २.०-१~बीपीओ असा असतो आणि तो २.०-१ पेक्षा लहान धरला जातो. ‘~’ नसेल तर तुमचाच बॅकपोर्ट जुना ठरून बाद होईल. कॉन्फ्लिक्ट्ससोबत ‘अमक्या आवृत्तीपेक्षा जुनं’ अशी अट दिसली, की बहुतेक वेळा तिथे ब्रेक्स हवं होतं असं समजा.

मग कॉन्फ्लिक्ट्स कुठे? पोस्टफिक्स आणि एक्झिम या मेल सर्व्हरांसारख्या ठिकाणी. दोघंही मेल-ट्रान्स्पोर्ट-एजंट हे आभासी (नुसतं नावापुरतं) पॅकेज पुरवतात आणि त्याच नावाशी कॉन्फ्लिक्ट्स व रिप्लेसेस जाहीर करतात. पॅकेज स्वतःशी भांडत नाही, पण ते नाव पुरवणाऱ्या दुसऱ्याशी भांडतं, त्यामुळे एकच एजंट उरतो.

दोन वेगळ्याच कामांच्या प्रोग्रामांचं नाव सारखं असेल, तर मात्र डेबियनच्या धोरणानुसार कॉन्फ्लिक्ट्स ही पळवाट चालत नाही, नावच बदलावं लागतं. ‘नोड’ हे नाव हौशी रेडिओवाल्यांच्या प्रोग्रामने आधीच घेतलेलं होतं, म्हणून जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठी डेबियनवर कित्येक वर्षं ‘नोडजेएस’ असं टाइप करावं लागायचं.