वाचकांचे प्रश्न : इटलीला जाताना

प्रश्न (पुणे) : मे महिन्यात आई-बाबा आणि शाळकरी मुलीला घेऊन नऊ रात्रींसाठी इटलीला जायचं आहे. रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान, अमाल्फी आणि जमलं तर स्वित्झर्लंड असा बेत आहे. बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

नाही जमणार. मिलान, अमाल्फी आणि स्वित्झर्लंड आत्ताच काढून टाका. गाव बदललं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा : सकाळी आवराआवर, स्टेशन, गाडी आणि नव्या हॉटेलात दुपारी दोन-तीनपर्यंत खोलीची वाट पाहणं. रोममध्ये चार रात्री, फ्लोरेन्सला तीन, व्हेनिसला दोन, एवढंच ठेवा. पिसा फ्लोरेन्सहून गाडीने तासाभरावर आहे, अर्ध्या दिवसात होतं. विमानाचं तिकीट जाताना रोम आणि परतताना व्हेनिस असं काढा, नाहीतर शेवटी रोमला परत येण्यात जवळजवळ चार तास रेल्वेत जातील.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. मे महिन्यासाठी शेवटच्या घटकेपर्यंत थांबू नका, उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटच मिळत नाही. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध असायला हवा.

आता बाबांचे गुडघे. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर जायला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा तो विषय सोडा. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाला लिफ्ट आहे हे ऐकून फसू नका. ती फक्त गच्चीपर्यंत नेते, पुढे 320 पायऱ्या उरतातच, त्याही अरुंद आणि तिरक्या भिंतींमधून. गच्चीपर्यंत मात्र बाबांना जरूर न्या. रोमचे जुने रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, म्हणून जाड तळव्याचे, आधीपासून वापरलेले बूट हवेत. आणि दमलात तरी स्पॅनिश स्टेप्स या रोममधल्या प्रसिद्ध दगडी जिन्यावर बसू नका. 2019 पासून तिथे बसायला मनाई आहे, दंड होतो.

प्रश्न (कोल्हापूर) : कोणती तिकिटं आधी काढायलाच हवीत?

कोलोसियम, व्हॅटिकन म्युझियम, फ्लोरेन्समधलं उफीझी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा असलेलं अकादेमिया, ही चार.

कोलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर साधारण 30 दिवस आधी खुली होतात आणि हंगामात भराभर संपतात. तिकीट नावावर असतं, तेव्हा नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरा आणि जाताना पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी बॅग आत नेता येत नाही, त्यामुळे हॉटेल सोडलेल्या दिवशी कोलोसियम ठेवू नका. सरकारी संग्रहालयांत 18 वर्षांखालच्यांना, मग ते कोणत्याही देशाचे असोत, प्रवेश मोफत आहे. पण बुकिंग करताना मुलांचं शून्य रकमेचं तिकीट घ्यावंच लागतं. ते विसरलं की दारातच खोळंबा होतो.

वार नीट पाहा. उफीझी आणि अकादेमिया सोमवारी बंद. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते मोफत उघडतात, पण गर्दी इतकी की आतल्या सिस्टीन चॅपलचं चित्रांनी भरलेलं छत पाहायला मान वर करेपर्यंत पुढे ढकलले जाल. सेंट पीटर्स चर्चला तिकीट नाही. बुधवारी सकाळी पोपच्या दर्शनाचा कार्यक्रम असेल तर दुपारपर्यंत आत सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम पुरुषांनाही आहे.

प्रश्न (ठाणे) : आमच्या नातेवाइकांनी फ्लोरेन्स–पिसा तिकीट रीतसर काढलं होतं, तरी टीसीने दंड केला. असं का?

तिकीट होतं, पण शिक्का नव्हता. इटलीत अनेक पर्यटकांना इथेच दंड होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रादेशिक गाडी म्हणजे जवळच्या गावांमधली साधी गाडी. तिच्या कागदी तिकिटावर ठरावीक गाडी नसते, त्यामुळे ते कधी वापरलं हे तुम्हालाच नोंदवावं लागतं. फलाटावर किंवा फलाटाच्या तोंडाशी एक छोटी पेटी असते. तिच्या खाचेत तिकिटाचं टोक शेवटपर्यंत सरकवायचं. खर्र आवाज होतो आणि कडेला तारीख-वेळ उमटते. उमटली का ते तिथेच उजेडात वाचा, शाई फिकी असू शकते. पेटी बंद असेल तर पेनाने तिकिटावर स्टेशन, तारीख आणि वेळ लिहा आणि टीसी येण्याची वाट न पाहता स्वतः त्याला शोधून सांगा. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटाला शिक्क्याऐवजी चेक-इन असतं, ते गाडीत चढण्याआधी करायचं.

वेगवान गाड्यांना हे काही लागत नाही, कारण त्या तिकिटावर गाडी, डबा आणि जागा छापलेली असते. तिथे चूक वेगळी होते. रोमहून फ्लोरेन्सला जाणारी गाडी बोर्डावर ‘मिलानो’ (मिलान) किंवा ‘व्हेनेझिया’ (व्हेनिस) म्हणून दिसते, कारण बोर्डावर शेवटचं स्थानक लिहितात. म्हणून गावाचं नाव शोधू नका, गाडीचा क्रमांक जुळवा. फलाट बरेचदा गाडीच्या 10-15 मिनिटं आधीच कळतो, तोवर बोर्डासमोरच उभे राहा.

प्रश्न (जळगाव) : सासूबाई कट्टर शाकाहारी आहेत, कांदा-लसूणही खात नाहीत. पिझ्झा-पास्त्यावर निभेल का?

निभेल, पण डोळे उघडे ठेवून. पार्मेझान आणि ग्राना पादानो या चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेलं विरजण असतं, पेकोरिनो रोमानोत कोकराचं. पास्त्यावर ते न विचारता भुरभुरवतात आणि पेस्तो या हिरव्या चटणीसारख्या सॉसमध्ये मुळातच असतं. मारिनारा पिझ्झ्यावर चीज नसतं, पण लसूण असतो. मिनेस्त्रोने हे भाज्यांचं सूप, तरी त्याचा रस्सा मांसाचा असू शकतो. सर्वांत फसवी म्हणजे रोममधली भोपळ्याच्या फुलांची भजी. आपल्यासारखीच दिसतात, आत मात्र चीजबरोबर खारवलेला मासा भरलेला असतो.

वेटरला ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही, पदार्थ मोजून सांगा : सेन्झा कार्ने (मांस नको), सेन्झा पेशे (मासा नको), सेन्झा फॉर्माज्जो (चीज नको), सेन्झा आल्यो (लसूण नको), सेन्झा चिपोल्ला (कांदा नको). हे कागदावर लिहून दाखवलं तर आणखी बरं. पिसाला गेलात तर सासूबाईंना चेचिना नक्की खाऊ घाला. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढंच कालवून मोठ्या तव्यासारख्या थाळ्यात भट्टीत भाजतात, वरून खरपूस आणि आत मऊ. बेसनाच्या पोळ्याची चव ओळखीची वाटेल.

दुपारी तीन ते संध्याकाळी सातपर्यंत बऱ्याच जागी स्वयंपाकघर बंद असतं. त्या वेळेसाठी खाकरे-दशम्या जवळ असू द्या.

प्रश्न (नाशिक) : व्हेनिसला सामान घेऊन हॉटेलात कसं पोहोचायचं?

आधी योग्य स्टेशनावर उतरा. व्हेनेझिया मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, तुम्हाला शेवटचं सांता लुचिया हवं. बाहेर पडताच समोर ग्रँड कॅनाल आणि बोटींचे धक्के दिसतील. एक नंबरची बोट कालव्यावरचा जवळजवळ प्रत्येक धक्का घेते. तिकीट 75 मिनिटं चालतं, पण दर वेळी बोटीत चढण्याआधी यंत्राला लावावं लागतं.

पत्त्यावर विसंबू नका. तिथे घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नसून अख्ख्या पेठेत एकाच मालिकेत असतात, त्यामुळे ‘सान मार्को’ आणि चार आकडे एवढ्यावरून गल्ली सापडत नाही. बुकिंग करतानाच हॉटेलला दोन गोष्टी विचारा : जवळचा बोटीचा धक्का कोणता आणि तिथून हॉटेलपर्यंत पायऱ्यांचे पूल किती. उत्तर दोनपेक्षा जास्त आलं तर दुसरं हॉटेल पाहा, कारण प्रत्येक पुलावर बॅग हातात उचलूनच चढायची आणि उतरायची असते.