आकाश एका मिनिटात किती सरकतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. ताऱ्यांचे फोटो काढायला मी घरीच ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र, बनवलाय, दोन फळ्या, त्यांना बिजागरी, खालून एम-सिक्सचा (६ मिलीमीटर जाडीचा) बोल्ट आणि तो फिरवायला १ आरपीएमची (मिनिटाला एक फेरी) गिअर मोटर. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते म्हणून १५ भागिले ३६० भागिले ६० केलं, ०.०००६९ आलं, ते मी ०.०००७ आरपीएम धरलं आणि त्यावरून बिजागरी ते बोल्ट अंतर २२७.४ मिलीमीटर काढलं. बिजागरी ध्रुवताऱ्याकडे नीट साधलीय, तरी १३५ मिलीमीटरच्या लेन्सने ४ मिनिटांच्या फोटोत ताऱ्यांच्या बारीक रेघा होतात. कुठे वाचतो १५ विकला (अंशाचे ३,६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला) प्रति सेकंद, कुठे ०.००००७२९ रेडियन प्रति सेकंद. यातलं बरोबर कुठलं?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : नमस्कार! ट्रॅकर स्वतः बनवलात याचंच मला आधी फार कौतुक वाटलं. आणि तुमची पद्धत चुकलेली नाहीये, घोळ झालाय तो राउंडिंगमध्ये.

इतकी हळू चाल आरपीएममध्ये लिहायची म्हणजे पुण्याहून नाशिकचं अंतर मिलीमीटरमध्ये सांगण्यासारखं आहे, फक्त उलट्या बाजूने. आकडा नुसता शून्यांनी भरतो आणि कामाचे अंक शेवटी दोन-तीनच उरतात, त्यातला एक उडवला की टक्क्यांत मोजण्याइतका फरक पडतो. खरी चाल ०.०००६९६ आरपीएम आहे, तुम्ही ०.०००७ धरली, म्हणजे अर्ध्या टक्क्याने जास्त. ऐकायला काहीच नाही, पण ४ मिनिटांत ट्रॅकर ताऱ्यांच्या १९ विकला पुढे जातो आणि १३५ च्या लेन्सवर पिक्सेल ४ मायक्रॉनचा असेल तर एक पिक्सेल साधारण ६ विकलांचा, म्हणजे तीन पिक्सेलची रेघ. तीच तुम्हाला दिसतेय.

आता एककं. अंशाचे ६० भाग म्हणजे कला, कलेचे ६० भाग म्हणजे विकला, आणि तासाची मिनिटं-सेकंदंही ६०-६० च. त्यामुळे तासाला १५ अंश, मिनिटाला १५ कला आणि सेकंदाला १५ विकला हे तिन्ही एकच आहे, काही गुणायचं नाही की भागायचं नाही. गोंधळ होतो तो इंग्रजीत कोनाच्या कलेलाही मिनिटच म्हणतात म्हणून, आपल्याकडे शब्द वेगळे आहेत तर तेच वापरा ना. रेडियनवाला आकडाही जवळजवळ तोच, फक्त एका रेडियनमध्ये २,०६,२६५ विकला असतात म्हणून तो एवढासा दिसतो. आणि तासाच्या अंशांवरून आरपीएम हवंच असेल तर २१,६०० ने भागायचं, ३६० गुणिले ६०.

फक्त एक दुरुस्ती. १५ हा आकडा सूर्यासाठी, २४ तासांवरून आलेला. ताऱ्यांच्या हिशोबाने पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते, कारण दिवसभरात ती सूर्याभोवतीही जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून तर तारे रोज चारेक मिनिटं लवकर उगवतात. तर ताऱ्यांसाठी १५ नाही, १५.०४१ धरायचं.

आता तुमचं गणित कलांमध्ये करून बघा. एम-सिक्सच्या नेहमीच्या आट्यांची पिच, म्हणजे एका फेरीत बोल्ट सरकतो ते अंतर, १ मिलीमीटर, मोटर मिनिटाला एक फेरी, म्हणजे फळी मिनिटाला १ मिलीमीटर उचलली जाते आणि तेवढ्यात कोन बदलायला हवा १५.०४१ कला. बिजागरीपासूनचं अंतर म्हणजे ही उचल भागिले रेडियनमधला कोन, आणि एका रेडियनमध्ये ३,४३८ कला. ३,४३८ भागिले १५.०४१, उत्तर २२८.६ मिलीमीटर. संपलं! एकही शून्य मध्ये आलं नाही आणि राउंडिंग केलं ते अगदी शेवटी.

हा ३,४३८ आकडा आला की मला दरवेळी आनंद होतो. आर्यभटाने ज्या-कोष्टकात (साइनच्या तक्त्यात) त्रिज्या हीच घेतलीय, ३,४३८ कला. आणि पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते असं त्याने लिहून ठेवलंय, प्राण म्हणजे सुमारे ४ सेकंद, दिवसाचे २१,६०० प्राण आणि वर्तुळाच्या २१,६०० कला. एककंच अशी निवडलीत की चालीचा आकडा चक्क १ येतो. इसवी सन ४९९ च्या सुमाराला केलेलं काम आहे हे, आणि आपण अजून कॅल्क्युलेटरवर शून्यं मोजत बसतो.

तेव्हा बोल्ट बिजागरीपासून १.२ मिलीमीटर लांब न्या. पण जुन्या भोकाला चिकटून नवं भोक पाडू नका, ड्रिल घसरतं, त्यापेक्षा बिजागरीच्याच स्क्रूची भोकं कानसीने थोडी लांबट करून घ्या म्हणजे फळी मागेपुढे सरकवून अंतर जुळवता येईल. अंतर बिजागरीच्या पिनच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंत मोजायचं, पत्र्याच्या कडेपासून नाही. सरळ बोल्ट असल्यामुळे फळ्या जसजशा उघडतात तसतशी चाल किंचित मंदावते, अर्ध्या तासाने पावणेदोन टक्के, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी फळ्या बंद करून बोल्ट परत पहिल्या जागी आणा आणि मगच पुढचा फोटो सुरू करा.