संसर्ग, लागण की संक्रमण?

साथ कशी पसरते ह्याच्या गणितावर मराठीत लिहिताना संसर्ग, लागण, संक्रमण हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले तर चालतील का, असा प्रश्न आलाय. माझ्या मते नको, गणितात तर मुळीच नको.

संसर्ग म्हणजे मुळात नुसता संपर्क, मिसळणं. 'वाईट पोरांच्या संसर्गाने बिघडला' म्हणतो तेव्हा तिथे आजार कुठे असतो? लागण ही पुढची गोष्ट. कागदावर रांगोळीसारखे ठिपके काढा, एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस, आणि ज्यांची गाठभेट होते ते रेघेने जोडा. ती रेघ म्हणजे संसर्ग, आणि त्यातल्या ज्या थोड्या रेघांवरून आजार पलीकडे जातो ती लागण. एसटी कंडक्टरच्या ठिपक्यातून शेकडो रेघा निघतील, अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या ठिपक्यातून दोन-तीनच.

आता समजा आजारी माणूस दिवसाला 10 जणांना भेटतो, दर भेटीत लागण व्हायची शक्यता 5 टक्के आणि तो 4 दिवस आजार देऊ शकतो, तर तो सरासरी 2 जणांना आजारी पाडणार. शाळा बंद केल्या की 10 चा आकडा उतरतो, मास्क लावला की 5 चा, आणि दोन्हीला सरसकट संसर्गच म्हटलं तर वाचणाऱ्याला कळणार कसं नक्की काय कमी झालं ते?

संक्रमण म्हणजे मराठीत एका स्थितीतून दुसरीत जाणं, मकरसंक्रमण, संक्रमणकाळ वगैरे. आजाराचा अर्थ हिंदी बातम्यांमुळे कोरोनात जास्त रुळला. पण साथीच्या गणिती मॉडेलमधे ह्या शब्दाला त्याची हक्काची जागा आहे बरं का! कर्मॅक आणि मॅकेंड्रिक ह्या दोन शास्त्रज्ञांनी 1927 साली जे मॉडेल मांडलं त्यात लोकांचे तीन गट आहेत, लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि त्यातून सुटलेले म्हणजे बरे झालेले किंवा दगावलेले. एका गटातून पुढच्या गटात जाणं, ह्याला खुशाल संक्रमण म्हणा.

त्यांनी आपलं गणित ताडून पाहिलं ते मुंबईच्या 1905-06 च्या प्लेगमधल्या आठवड्यागणिक मृत्यूंशी. आकड्यांशी वक्ररेषा छान जुळली, पण गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो, म्हणजे तिथे माणसामाणसांतली रेघ धरून चालत नाही, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं. म्हणून अशा ठिकाणी मी 'संसर्गजन्य' टाळतो आणि सरळ 'साथीचा रोग' लिहितो.