जेटला हात लावण्याआधी पेट्रोलची पातळी आणि हवेचा मार्ग पाहा

आपल्या हलक्या दोन आसनी मोटारीत बसवलेले १००० सीसीचे चार सिलिंडरचे मोटरसायकल इंजिन उभ्या गाडीत उत्तम चालते, रस्त्यावर मात्र अर्ध्या थ्रॉटलला अडखळते आणि एकाच बाजूच्या लांब वळणावर मिसिंग करते; कार्ब्युरेटरचे मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी मुख्य भोके) दोनदा बदलूनही फरक पडला नाही, असे आपण लिहिले आहे. माझा सल्ला असा, की मूळ मापाचे जेट परत बसवावेत आणि तूर्त त्यांना विसरावे. हे कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग, दर सिलिंडरला एक) ज्या परिस्थितीसाठी बनवले गेले ती मोटारीत उरलेली नाही, आणि ती शक्य तेवढी पूर्ववत केल्याखेरीज ट्यूनिंग करणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे.

आधी वळणाचे पाहू. मोटरसायकल वळताना झुकते, त्यामुळे फ्लोट बाउलमधले (तरंगत्या फ्लोटने पातळी राखणाऱ्या भांड्यातले) पेट्रोल बाउलच्या तुलनेत जवळजवळ सपाटच राहते. मोटार तशी झुकत नाही. ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) इतक्या बाजूच्या जोराने पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे ३९ अंशांनी कलतो, म्हणजे बाउलच्या मध्यापासून २० मिमी अंतरावर पातळी १६ मिमीने वर किंवा खाली जाते. त्यातच मागच्या चाकांना ड्राइव्ह देण्यासाठी इंजिन सहसा ९० अंशांत वळवून बसवलेले असते. मोटरसायकलवर कार्ब्युरेटरच्या ज्या दिशेला केवळ वेग घेताना किंवा ब्रेक लावताना थोडा वेळ जोर यायचा, त्याच दिशेला आता संपूर्ण वळणभर जोर येतो. फ्लोटची बिजागरी एका बाजूला असल्यामुळे एका दिशेच्या वळणावर पेट्रोल कमी पडते आणि दुसऱ्या दिशेच्या वळणावर जास्त होते. आपली तक्रार एकाच बाजूच्या वळणाची आहे, हाच मला यातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. (याच कारणाने ऑइलही इंजिनाच्या तळाच्या भांड्याच्या, म्हणजे संपच्या, एका कडेला जाते. तिथे ऑइल अडवणारा बॅफल नसेल तर आधी तो बसवावा. कार्ब्युरेटरच्या मिसिंगने फक्त चिडचिड होते, ऑइल न मिळाल्यास बेअरिंग जातात.)

म्हणून पातळी अचूक हवी. बाउलच्या ड्रेन नळीला पारदर्शक नळी जोडावी, ती बाउलच्या कडेने उभी धरावी, ड्रेन स्क्रू सैल करावा आणि पेट्रोल कुठवर चढते ते चारही कार्ब्युरेटरवर पाहावे. मॅन्युअलमधले माप मोटरसायकलवरील कार्ब्युरेटरच्या तिरपेपणाला धरून दिलेले असते. बॉनेटखाली मावावे म्हणून इंजिन वेगळ्या कोनात बसवले असेल, तर ते माप जसेच्या तसे लागू होत नाही. पंपाचा दाबही मोजावा. या कार्ब्युरेटरना २ ते ३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) पुरतात, तर फ्युएल इंजेक्शनचा पंप त्याच्या कितीतरी पट दाब देतो आणि फ्लोट व्हॉल्व्ह तो रोखू शकत नाही. दाब कमी करणारा रेग्युलेटर नसेल तर तो बसवावा, कारण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ओव्हरफ्लो होणारे पेट्रोल हा ट्यूनिंगचा प्रश्न राहत नाही.

अर्ध्या थ्रॉटलचे अडखळणे बहुधा हवेमुळे असावे. सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्ब्युरेटरमध्ये हवेचा मार्ग उघडणारी स्लाइड केबलने नव्हे, तर रबरी डायफ्रॅमच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरकाने उचलली जाते. मूळ एअरबॉक्स (फिल्टरची बंद पेटी) चारही तोंडांना शांत, समान दाबाची हवा पुरवतो. तो काढून सुटे फिल्टर लावले की स्लाइड केव्हा आणि किती उचलायची हे गणितच बदलते. त्याहून फसवी असते ती बाउलमध्ये बाहेरच्या हवेचा दाब पोहोचवणारी व्हेंट नळी. माझ्या गाडीत मी मेन जेटचे तीन संच वाया घालवले, आणि शेवटी दोष सापडला तो रेडिएटरच्या पंख्याच्या झोतात मोकळ्या सोडलेल्या व्हेंट नळीत! बाउलवरचा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेला दाब जुळला नाही, तर वेगानुसार मिश्रण बदलत राहते आणि गॅरेजमध्ये ते कधीच दिसत नाही. चारही तोंडांना सामाईक पेटी करावी आणि व्हेंट तिथल्याच शांत हवेत सोडावेत.

आणखी एक फरक वजनाचा आहे. मोटारीचे वजन मोटरसायकलच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे इंजिन प्रत्येक गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर जास्त वेळ राहते. मोटरसायकलवर क्षणात निघून जाणारा लीन (पेट्रोल कमी पडण्याचा) टप्पा इथे दोन-तीन सेकंद जाणवतो. तो टप्पा मुख्यतः नीडलचा (स्लाइडला जोडलेल्या, पेट्रोल नियंत्रित करणाऱ्या सुईचा) असतो, मेन जेटचा नव्हे, कारण मेन जेटचा अंमल साधारण तीन-चतुर्थांश थ्रॉटलनंतर सुरू होतो. नीडलला उंची बदलायच्या खाचा नसतील, तर तिच्याखाली ०.५ मिमीची वॉशर घालून पाहावे.

त्याआधी व्हॅक्यूम गेजवर (शोषणाचा दाब मोजणाऱ्या मापकावर) चारही कार्ब्युरेटर जुळवून घ्यावेत: प्रथम १ आणि २, मग ३ आणि ४, शेवटी मधल्या स्क्रूने दोन्ही जोड्या. कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारे इनटेक रबर तडकलेले असतील, तर हे जुळवणे टिकत नाही. मेन जेट सर्वांत शेवटी पाहावा, तोही वाइडबँड लॅम्डा (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून, पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३ हे हवा-पेट्रोल गुणोत्तर मिळेपर्यंत, एका वेळी एकच पायरी आणि चारही एकदम बदलून. जेट विकत घेताना मिकुनी आणि केहिन या कार्ब्युरेटर कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत; सारखा आकडा म्हणजे सारखे भोक नव्हे.