माणसं वाढली, काम का रेंगाळलं?

प्रश्न: आमची सॉफ्टवेअर टीम ५ जणांची होती, आता १४ जणांची आहे. तरी प्रत्येक रिलीज (नवी आवृत्ती बाहेर काढणं) लांबतं. लहान टीमच बरी होती का?

उत्तर: ५ जणांत बोलणाऱ्या जोड्या १० होतात, १४ जणांत ९१. घोळ इथेच आहे. रोजच्या स्टँडअपमध्ये (कामाच्या छोट्या आढावा बैठकीत) प्रत्येकी २ मिनिटं धरली, तरी २८ मिनिटं जातात, आणि त्यातलं निम्मं आपल्या कामाचं नसतं.

सात-सात जणांचे दोन गट करा. फ्रंटएंड (पडद्यावर दिसणारा भाग) आणि बॅकएंड (मागे सर्व्हरवर चालणारा भाग) अशी वाटणी मात्र नको. मग साध्या बटणासाठीही दोन्ही गट एकमेकांची वाट बघतात. एकाकडे पेमेंट, दुसऱ्याकडे सर्च, असं अख्खं काम द्या. दोघांमधला एपीआय, म्हणजे एकाच्या भागानं दुसऱ्याच्या भागाशी कसं बोलायचं याचे नियम, आधी लिहून ठरवा; तोंडी ठरलेलं टेस्टिंगच्या दिवशी फुटतं. कोड रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासायला, एकाचंच नाव टाका. ‘सगळ्यांनी बघा’ म्हटलं की कोणीच बघत नाही!

लहान टीमचंही फार कौतुक नको. तिथे सर्व्हरची किल्ली एकाच्याच खिशात असते, आणि तो नेमका गणपतीत गावी जातो. म्हणून रिलीज दोघांनी आळीपाळीनं करावं, पायऱ्या लिहून ठेवाव्यात.