भाषण नको, हातात काम द्या

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. ओला-सुका कचरा कसा शिकवू? आमच्या घंटागाडीत तर सगळं एकत्रच पडतं, मग उपयोग काय?

उत्तर : भाजी निवडायला बसाल तेव्हा तिला शेजारी घ्या. मटारची टरफलं, कोथिंबिरीचे देठ एका डब्यात, बिस्किटपुड्याचा कागद दुसऱ्यात. दुधाची पिशवी धुऊन वाळत घालणं हे खास तिचं काम. पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका, लटकता राहू द्या. तो इवलासा तुकडा कचरा वेचणाऱ्यांच्या हाती लागत नाही. जुनी औषधं आणि डायपर यांना मात्र मुलांचा हात लागू देऊ नका.

गाडीची तक्रार सोसायटीच्या नावाने वॉर्ड ऑफिसात लेखी करा, पुन्हा पुन्हा करा. तोवर सुका कचरा भंगारवाल्याला द्या आणि ओला घरीच जिरवा.

प्रश्न : गॅलरीत बादलीत खत करायला घेतलं. वास येतोय, अळ्या झाल्यात. मुलगा तिकडे फिरकत नाही.

उत्तर : ओल जास्त झाली आहे, हवा आत जात नाही. बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडा. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याहून जास्त वाळका पाला घाला, दर दोन-तीन दिवसांनी खालवर करा. मूठभर घेऊन दाबून बघा : ओलसर लागावं, पण पाणी गळू नये. शिजवलेलं, तेलकट आणि मासे-मटण सध्या नकोच.

जाडसर, करड्या अळ्या बहुधा सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने फस्त करतात. मुलाला भिंगातून दाखवा. किळस वाटली तर रागावू नका. पाला टाकायचं काम द्या, नंतर साबणाने हात धुवायचे. दोन-तीन महिन्यांत बादलीला पावसाळी मातीचा वास येऊ लागेल. ते खत मातीत मिसळून मेथी पेरा. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. लहान मुलांना याहून जास्त वाट बघवत नाही.

प्रश्न : सहा वर्षांची नात ‘पृथ्वी संपणार’ असा व्हिडिओ पाहून रात्री रडते.

उत्तर : आजी, आधी तो व्हिडिओ बंद करा. एवढ्या लहान जिवाला भीती घालून निसर्ग शिकवणं मला साफ नामंजूर आहे. ‘काही होत नाही’ असं खोटंही सांगू नका. उन्हाळा वाढतोय, आणि माणसं त्यावर कामही करताहेत, एवढं सांगा. वेळासची गोष्ट सांगा : रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी लोक राखतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडतात. जमलं तर पिल्लांच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिला घेऊनच जा.

प्रश्न : मुलांना मोठाच गणपती हवा, शाडूचा नको म्हणतात.

उत्तर : मूर्ती त्यांनाच घडवू द्या, हट्ट आपोआप सुटेल. रंग देऊ नका. विसर्जन घरच्या बादलीत करा आणि खाली बसलेला शाडू वाळवून पुढच्या वर्षीसाठी ठेवा.